कंपनीकडचे मामा

पत्रात ‘एक’ हे अक्षरात लिहिलं होतं. आकड्यात असतं तर पुढचं काही छापायचं राहिलं अशी शंका तरी घेता आली असती. ‘चर्चेच्या वेळी कर्मचाऱ्यास सोबत एक व्यक्ती आणता येईल.’ रामरावांनी ते वाचलं, चष्मा सदऱ्याला पुसून पुन्हा वाचलं आणि घरादाराला त्याचा अर्थ सांगितला.

“म्हंजे पाच जन तं लागतीलच.”

यात त्यांच्या लेखी चूक काही नव्हती. बैठकीला सम संख्येनं जात नाहीत. एकटा गेला तर त्याला कुणी नाही असं दिसतं, तिघं गेले तर भांडायला आल्यासारखं वाटतं. राहिले पाच. रामरावांनी आयुष्यात वीस-पंचवीस सोयरिकी जुळवल्या होत्या, चार फारकती मिटवल्या होत्या, आणि मोठ्या लेकाची नोकरी जाणं त्यांनी पहिल्याच दिवशी फारकतीच्या खात्यात टाकलं होतं. कंपनी म्हणते, नांदवत नाही. ठीक. मग देणं-घेणं काय ते समोरासमोर बसून ठरवावं, चहा घ्यावा आणि उठावं. स्वतः ते, बायको दुर्गाबाई, धाकटा शिवम, थोरली सून रागिणी आणि दुर्गाबाईंचे भाऊ पुंजाजी असे पाच झाले. नितेशला धरून सहा होत होते, पण बैठक ज्याची असते त्याला मोजत नाहीत. नवरदेवाला कोण मोजतं?

जानेवारीतल्या त्या सकाळी शिवमच्या मित्राची ईको अमरावतीहून निघाली तेव्हा नितेश सगळ्यात मागे, पाण्याच्या कॅनशेजारी बसला होता. त्याच्या तोंडाला कोरड पडली होती आणि शेजारी कॅन असूनही पाणी पिण्याचं त्याला सुचत नव्हतं.

“शिवम, तुया मामाले सांग, काच वर करा म्हना. हवा लागून राहिली.” पुढच्या सीटवरून रामराव म्हणाले.

मामा त्यांच्या अगदी मागे बसले होते. मधे सीटची पाठ तेवढी होती. “शिवम, पाव्हन्याईले सांग, काच खाली गेली तं वर येत नाही. गाडी कोनाची आनली थे पाहून घ्यायचं होतं.”

“बाबा, मामा म्हनतात...”

“आयकलं मी.”

“मंग मले काहून मधात घेता? मी गाडी चालवू का तुमचं टपाल वाटू?”

हे टपाल शिवमच्या जन्माच्या आधीपासून चालू होतं. दुर्गाबाईंच्या लग्नाच्या बैठकीत वऱ्हाडी सव्वाशे आणायचे असं रामरावांच्या बाजूनं कबूल केलं आणि लग्नाला चारशे आणले, त्यात एक अख्खा आखाडा, पैलवानांसकट. अंजनगाव सुर्जीला वरण संपलं. पुंजाजी तेव्हा वीस वर्षांचे. भरल्या मांडवातून डाळ उसनी मागायला दारोदार फिरले. त्या दिवसापासून त्यांनी मेहुण्याशी थेट एक शब्द काढला नव्हता. सण झाले, बारशी झाली, पुंजाजींनी पानमळ्यावर कर्ज काढलं तेव्हा रामरावच जामीन राहिले, पण बोलणं तिसऱ्या माणसातर्फे. आजही मामा आले होते ते बहिणीनं सांगितलं म्हणून.

बडनेरा मागे पडलं. नितेशनं मनातल्या मनात पुन्हा तेच म्हटलं: पगार नको, तारीख मागायची. पगार नको, तारीख.

अकोल्याच्या एमआयडीसीत, वऱ्हाडांकुर सीड्सच्या प्रयोगशाळेत तो चौदा वर्षं बी उगवतं का ते पाहायचं काम करत होता. ओल्या कागदावर बी मांडायचं, गुंडाळी करायची, उबेत ठेवायची आणि काही दिवसांनी उघडून किती उगवलं ते सांगायचं. आता प्रयोगशाळा हैदराबादला चालली होती. कंपनीनं तीन पगार देऊ केले होते. ग्रॅच्युइटी कायद्यानं मिळते ती वेगळी. आज पाचच्या आत सही करायची. आणि महिनाअखेरीस पटावरून नाव कमी.

भीती त्या नावाची होती. कंपनीच्या विम्यात आईवडील धरलेले होते, पण नितेशचं नाव पटावर असेपर्यंतच. आणि दुर्गाबाईंच्या काळजाची झडप बदलायची तारीख नागपूरच्या दवाखान्यानं दिली होती ती मार्चमधली. नितेश पटावरून गेला की आईही गेली. सरकारी योजनेत नंबर लावून वाट पाहण्याइतका वेळ नाही, हे डॉक्टरांनी कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, आणि दवाखान्याचा आकडा असा होता की तो तीन पगारांत बसत नव्हता, तिसांतही बसला नसता.

हे सगळं रागिणीनं स्वयंपाकघरात सासऱ्यांना तीनदा समजावलं होतं. तिन्ही वेळा रामरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरोबर आहे. म्हंजे पगार जास्त मागू.”

गाडीत सगळ्यांत निवांत दुर्गाबाई होत्या, आणि हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

मांडीवर पोळ्या-पिठल्याचा डबा धरून त्या खिडकीबाहेर बघत होत्या. तुरी काढून झाल्या होत्या, शेतात पऱ्हाट्या उभ्या होत्या. नोकरी गेली म्हणून त्यांनी लेकासमोर डोळे पुसले होते, ते खरेच पुसले होते. पण त्याच रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं होतं की नोकरी गेली तर विमा गेला, विमा गेला तर तारीख गेली, आणि तारीख गेली तर कोणी आपली छाती उघडणार नाही. त्या रात्री त्यांना कित्येक आठवड्यांनी झोप लागली.

डॉक्टरनं चित्र काढून दाखवलं होतं. आई, ही झडप म्हणजे दार आहे, रक्त पुढं गेलं की मिटायला पाहिजे, तुमचं मिटत नाही. दुर्गाबाईंना वाटलं, मग त्यात काय? अमरावतीच्या घराचं मागचं दार वीस वर्षं मिटत नाही. खांदा लावला की मिटतं. दार मिटत नाही म्हणून कोणी घर फाडत नाही. पण डॉक्टर इतका शिकलेला, त्याला हे कसं सांगायचं?

देवाला त्यांनी काही मागितलं नव्हतं. बैठक मोडावी असं मागणं पाप होतं. बैठक जमावी असंही त्यांनी मागितलं नव्हतं, एवढंच.

कंपनीचं ऑफिस अर्धं उठलं होतं. भिंतींवर कपाटांच्या आकाराचे पांढरे चौकोन उरले होते, पंखे काढून नेले होते, आणि उगवणीच्या खोलीतून एक माणूस ट्रे डोक्यावर घेऊन बाहेर जात होता. नितेशनं त्या ट्रेकडे पाहिलं नाही. टोकाच्या केबिनमध्ये संध्या मॅडम बसल्या होत्या, पस्तिशीच्या, गळ्यात ओळखपत्र, समोर एक टेबल आणि एक फाईल. त्यांनी दारातून एकामागून एक माणूस आत येताना पाहिला आणि पाचव्याला मोजणं सोडलं.

“नितेश, एक व्यक्ती म्हटलं होतं ना?”

“येकच आहे, मॅडम,” रामराव म्हणाले. “बोलनार मी येकटा. बाकीचे आयकाले.”

खुर्च्या दोनच होत्या. शिवमनं कँटीनमधून प्लॅस्टिकच्या आणल्या. टेबलाच्या अलीकडे सहा जण दाटीनं बसले, पलीकडे संध्या मॅडम. दार शिवमनं ओढून घेतलं. ते हळूच परत उघडलं. त्यानं पुन्हा ओढलं. ते पुन्हा उघडलं.

“राहू द्या,” मॅडम म्हणाल्या. “बंद करणारं यंत्र काढून नेलं त्याचं.”

दुर्गाबाईंनी त्या दाराकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

रामरावांनी घसा साफ केला. “तुमच्याकून कोन?”

“मीच.”

“येकट्याच?” रामरावांना खरोखर वाईट वाटलं. “मोठं मानूस कोनी?”

“सर हैदराबादला आहेत. लागलं तर फोनवर विचारते. सुरू करू या का? वेळ कमी आहे.”

“करू ना. गाव कोनतं म्हनलं तुमचं?”

“त्याचा इथं काय...” संध्या मॅडमनी सुस्कारा टाकला. सकाळपासून त्यांनी अकरा जणांच्या सह्या घेतल्या होत्या. त्यातले दोघं रडले होते आणि एकानं टेबलावर मूठ आपटली होती. गाव कुणी विचारलं नव्हतं. “अंजनगाव. सुर्जी.”

मामांनी मान वर केली.

“अंजनगावात कोनाची?”

“सहदेवराव. आमची चक्की होती.”

“चक्कीवाल्या सहदेवची पोट्टी?” मामा उभे राहिले. “पानबाजाराच्या बाजूची चक्की? अवं माय! तुया बापानं त्या रात्री...” ते एकदम थांबले. लग्नाच्या त्या रात्री गावभर फिरून जी डाळ मिळाली त्यातली पहिली सहदेवच्या घरून मिळाली होती. त्यांनी मेहुण्याकडे एकदा पाहिलं, मग सहदेवच्या लेकीकडे. मग आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि ती संध्या मॅडमच्या शेजारी ठेवून तीत बसले.

“मामा, काय करून राहिले?” शिवम म्हणाला.

“गावची लेक आहे. येकटी बसली आहे. तिच्याकून कोनी मोठं मानूस नको काय?” मामांनी सदऱ्याची बाही सारखी केली. “बोला. काय म्हननं आहे तुमचं?”

कंपनीला मामा मिळाले होते.

रामरावांनी यापेक्षा वाईट बैठका पाहिल्या होत्या, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. बाळापूरला एकदा मुलीचा बाप विहिरीवर जाऊन बसला होता. तीही मिटली. सुरुवात उंच करायची, मग एकेक पायरी उतरायची, समोरचा दमतो. “शिवम, तुया मामाले सांग, बारा पगार.”

“शिवम, पाव्हन्याईले सांग, तीन. आन थे बी लय झाले.”

संध्या मॅडम गडबडल्या. “मामा, थांबा. तसं मला थोडं पुढं...”

“तू गप राय बाई. बैठकीत लेकीनं बोलू नाही.”

“अहो, पण मीच कंपनी आहे!”

“म्हनूनच म्हनतो, गप राय.”

“दहा,” रामराव म्हणाले. शिवमतर्फे बोलायचं ते विसरले, मग आठवलं. “दहा, म्हना.”

“तीन. कंपनी इथून उठून राहिली, पंखे नेले, दाराचं यंत्र नेलं. त्याईच्याजवळ काय आहे? पाहून तं मांगा.”

“चौदा वर्सं बी पाह्यलं पोरानं! एक बी कधी खोटं सांगतलं नाही!”

“चौदा वर्सं पगार बी खरा भेटला.”

सव्वाशेचे चारशे ज्या माणसासमोर केले होते तो चाळीसहून जास्त वर्षं गप्प बसून आज बोलायला लागला होता, आणि एकही पायरी उतरत नव्हता. घोटाळा असा की रामरावांना दुसरं काही येत नव्हतं. विमा, पट, झडप यातलं त्यांना काही कळत नव्हतं, म्हणून ते रागिणीचं ऐकून तीनदा मान डोलावून गप्प बसले होते. बायको पायऱ्या चढताना मधेच थांबते आणि साडीच्या निऱ्या सारख्या करत असल्याचं नाटक करते, हे त्यांनी तिच्याही आधी पाहिलं होतं. त्या भीतीवर त्यांच्याकडे उपाय एकच होता: जास्त मागणे.

“आठ,” ते म्हणाले.

“तीन.”

रागिणी ऐकत नव्हती. ती संध्या मॅडमकडे बघत होती. ‘थोडं पुढं’ असं म्हणून मॅडम थांबल्या होत्या. म्हणजे पुढं जागा होती. पण ती जागा पगारात गेली तर सहा पगार घेऊन घरी जायचं आणि मार्चमध्ये दवाखान्याच्या दारात उभं राहून ते मोजायचे. मोर्शीला तिच्या वडिलांनी संत्र्याची बाग अशीच विकली होती, भाव मोठा घेतला आणि पैसे हाती यायची तारीख ठरवली नाही.

“बाबा,” ती म्हणाली, “पगार नाही, तारीख...”

“सूनबाई, बैठक चालू आहे.”

“तेच सांगून राहिली...”

“चालू आहे ना!”

रागिणीनं नवऱ्याकडे पाहिलं. नितेश जमिनीकडे पाहत होता, त्याच्या कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या होत्या. मग तिनं केलं ते घरात पुढं कित्येक वर्षं सांगितलं जाणार होतं. तिनं आपली खुर्ची उचलली आणि टेबलापलीकडे मामांच्या शेजारी नेऊन ठेवली.

“मामाजी, मी बी कंपनीकून.”

“ये माय,” मामा म्हणाले आणि सरकले.

तिघांची डोकी एकत्र आली. रागिणी खालच्या आवाजात बोलली. संध्या मॅडमनी मधे एक प्रश्न विचारला, बोटांवर महिने मोजले, मान हलवली. मामा दोनदा “हव, हव” म्हणाले. नितेशला फक्त ‘आत्याबाई’, म्हणजे तिची सासू, आणि ‘मार्च’ एवढं ऐकू आलं. मग मामा सरळ बसले.

“शिवम, पाव्हन्याईले सांग, कंपनीचं म्हननं असं आहे. पगार तीनच. पन येकदम नाही. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, पोराचं नाव पटावर राहीन, घरी बसून पगार घेईन. नाव राह्यलं म्हंजे इमा राह्यला. दुर्गीचं ऑपरेशन त्यात होऊन जाते.”

हेच रामरावांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात तीनदा ऐकलं होतं. पण तेव्हा ते घरच्या सुनेनं सांगितलं होतं. आता समोरच्या बाजूनं आलं, म्हणून त्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं. बरं वाटलं. आणि लगेच, चाळीस वर्षांच्या सवयीनं, त्यांच्या तोंडून निघालं:

“नाही.”

“बाबा!” शिवम ओरडला.

“समोरच्यानं पह्यला शब्द टाकला का हव म्हनू नाही. त्याच्यात काही तरी असते.”

“त्याच्यात आई आहे, बाबा!” शिवमनं आपली खुर्ची उचलली. “राहा तुमी इकडं. मी बी कंपनीत चाललो.”

टेबलापलीकडे आता चौघं होते आणि जागा उरली नव्हती. अलीकडे रामराव, नितेश, आणि कोपऱ्यात डबा घेऊन दुर्गाबाई. दार पुन्हा उघडलं. बाहेर कुणीतरी टेप ओढून खोकी बंद करत होतं, त्याचा कर्रर्र आवाज येत राहिला.

“बाबा,” नितेश म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलत होता. “मले भेव लागून राहिलं.”

रामरावांनी लेकाकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांचा माणूस, डोक्यावरचे केस मागे गेलेले. त्याला असं म्हणताना त्यांनी शेवटचं ऐकलं होतं तेव्हा तो विहिरीत पोहायला शिकत होता, आणि तेव्हा ते म्हणाले होते, मी आहे ना. आता ते म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण ते खरं नव्हतं. म्हणून ते दुसरंच म्हणाले.

“मले बी,” ते म्हणाले. मग टेबलाकडे वळले, आणि शिवमचं नाव न घेता, सरळ मेहुण्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, “पुंजाजी, एप्रिल काहून? जूनपावतर नाही ठेवत पोराले?”

मामांचं तोंड उघडंच राहिलं. इतक्या वर्षांनी आपलं नाव त्या आवाजात ऐकून त्यांना पुढचा डाव सुचेना. “जून,” ते म्हणाले, “जूनचं... संध्या, जून होते काय बाई?”

“आता मी बोलू?” संध्या मॅडम म्हणाल्या. “जून नाही होणार. एप्रिलसाठी फोन करते. हो म्हणतील असं सांगत नाही.”

त्या फोन घेऊन खिडकीशी गेल्या. हैदराबादशी त्या हिंदीत बोलल्या, मग इंग्रजीत, मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या. नितेशला वाटलं, गुंडाळी उघडायच्या आधी असंच असतं. आत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, आपण फक्त अजून पाहिलेलं नसतं.

“हो म्हणाले,” संध्या मॅडम म्हणाल्या.

शिवमनं टेबलावर थाप मारली. रागिणीनं चेहरा पदरात घेतला. नितेशनं पाण्याची बाटली उचलून एका दमात रिकामी केली. मामा आणि रामराव एकमेकांकडे बघत राहिले, दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटत होतं.

“एक अट आहे. सर म्हणाले, ऑपरेशन ठरलंय म्हणूनच ही सवलत. आई ऑपरेशन करून घेणार असं त्यांनी स्वतः सांगायला हवं. सही हवी त्यांची.” संध्या मॅडमनी फाईलमधला कागद फिरवला आणि कोपऱ्याकडे बघितलं. “आई, करणार ना नक्की?”

सगळ्यांच्या माना त्या कोपऱ्याकडे वळल्या. इतका वेळ तिथं कुणी आहे हेच विसरलं गेलं होतं.

दुर्गाबाईंना पहिल्यांदा ऐकू आला तो स्वतःच्या छातीतला आवाज. धड, आणि मग एक फुसका सूर, फुग्यातून हवा जावी तसा. रात्री त्या कुशीवर वळल्या की उशीतून यायचा. सकाळपासून त्यांनी बैठक मोडायची वाट पाहिली होती. मामा पलीकडे गेले तेव्हा वाटलं होतं, मोडली. रामराव नाही म्हणाले तेव्हा वाटलं, आता तर मोडलीच. आणि आता ती जमली होती. त्यांनी नाही म्हटलं असतं तर अजूनही मोडली असती. एक शब्द. आणि तो शब्द कुणी अडवू शकलं नसतं, कारण विचारलं त्यांनाच होतं. ना दवाखान्यात कुणी असं विचारलं होतं ना घरात. ‘करायचं आहे’ एवढंच सांगितलं होतं, आणि त्या ‘बरं’ म्हणाल्या होत्या.

“आत कोनाले येऊ देतात?” त्यांनी विचारलं.

“आत कुठं, आई?” नितेश म्हणाला.

“जिथं कापतात तिथं.”

“आत नाही येऊ देत कोनाले. आमी बाहेर राहू. दाराशीच.”

“म्हंजे डाक्टरकून धा जन. आन माह्याकून कोनी नाही.”

मामांनी आपल्या खुर्चीच्या हाताला धरलं, जणू ती उचलून कुठं नेता येईल का बघत होते. रामराव उठले. त्यांनी बायकोच्या मांडीवरचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि आपली खुर्ची तिच्याशेजारी आणली. बोलण्यासारखं काही नव्हतं म्हणून काही बोलले नाहीत, आणि ही त्यांची आयुष्यातली पहिली अशी बैठक होती.

“मी असं करते,” दुर्गाबाई म्हणाल्या. “मी हव म्हनते. पन माहं बी मांगनं आहे. दारापाशी तुमी दोघं बसान. येका बाकावर. आन येकमेकाशी बोलत राहान, मोठ्यानं. मले आत आयकू आलं पाह्यजे.”

“तुले त्यात भूल देतीन, दुर्गे,” मामा म्हणाले. “काही आयकू येत नाही.”

“तरी बी बोलान.” मग त्या नवऱ्याकडे वळल्या. “आन दोघं म्हनलं म्हंजे दोघंच. चारशे आनू नका.”

मामा हसले. हसता हसता त्यांनी डोळ्यांवर पालथा हात फिरवला. रामरावांनी मान खाली घातली. दुर्गाबाईंनी पेन हातात घेतलं आणि आपलं नाव लिहिलं, एकेक अक्षर थांबून, मधे एकदा श्वास घ्यायला. रेघ थोडी हलली. त्याखाली नितेशनं सही केली. त्याची रेघ त्याहून जास्त हलली होती.

संध्या मॅडमनी फाईल बंद केली, घड्याळ पाहिलं आणि ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं. “या आता तुम्ही. माझा फोन येईल एवढ्यात.”

“कसला फोन?” रागिणीनं विचारलं.

“बारा जणांचं मी करायचं होतं. तेरावी मी.” त्यांनी हसल्यासारखं केलं. “तुमचं बरं. मला पत्रात एक व्यक्तीसुद्धा लिहिली नाही.”

मामा उठलेच नाहीत. “मी आहे ना इथं,” ते म्हणाले. “पोट्टेहो, तुमी बाहेर बसा. डबा सोडा. हिनं सकाळपासून खाल्लं नसन.”

“मामा, फोनवर आहे ते. व्हिडिओवर. तुम्ही दिसाल त्यांना.”

“दिसू दे.”

बाकीचे बाहेर आले. फोन वाजला, आत संध्याचा आवाज इंग्रजीत सुरू झाला, आणि दार हळूच उघडलं. त्या फटीतून तिचा आवाज ऐकू आला. आता तो मॅडमचा नव्हता, चक्कीवाल्या सहदेवच्या पोरीचा होता, घाबरलेला. रिकाम्या ऑफिसात खोकी बांधणारी माणसं थांबून तिकडे बघायला लागली.

दुर्गाबाई परत फिरल्या. त्यांनी दार ओढून घेतलं आणि त्याला खांदा लावून उभ्या राहिल्या.

“बस ना, दुर्गा,” रामराव म्हणाले. “काहून उभी राहिली? दम लागीन.”

“सोडलं का उघडते थे.”

आतून मामांचा आवाज आला, “तीन नाही, पाव्हने, सहाच्या खाली बोलू नका,” आणि हैदराबाद गप्प झालं. दुर्गाबाईंच्या छातीत धड झालं, मग तो फुसका सूर, मग परत धड. त्यांनी पाय थोडा मागे रोवला. रामराव क्षणभर बघत राहिले. मग त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि दाराला आपलाही खांदा लावला.